प्रतिकृती म्हणजे प्रयोग नव्हे

महोदय,

शालेय विज्ञान प्रदर्शनांतील विकतच्या प्रतिकृतींविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. विकतची प्रतिकृती मांडणे म्हणजे प्रयोग करणे नव्हे, हे त्यातील मत मला पूर्णपणे पटले. पुठ्ठ्याचा ज्वालामुखी दरवर्षी फेसाळतो, पण त्यातून कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ‘मुगाला मोड कसे येतात?’ असे मोघम न विचारता ‘फ्रिजमधल्या मुगाला ओट्यावरच्यापेक्षा उशिरा मोड येतात का?’ असे विचारले, की प्रयोग आकार घेऊ लागतो: दोन वाट्या, एकाच पुडीतले वीस-वीस भिजवलेले दाणे, फडके सारखेच आणि सकाळ-संध्याकाळ मोड आलेल्या दाण्यांची वहीत नोंद. फ्रिजमध्ये अंधार असतो, म्हणून ओट्यावरची वाटीही झाकायला हवी, हे माझ्या वर्गातील एका मुलीला स्वतःहून सुचले, तेव्हा ‘चल’ (प्रयोगात बदलू शकणारा घटक) ही संकल्पना तिला व्याख्या पाठ न करताच कळली होती. इटलीचे शास्त्रज्ञ फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये मांसाच्या काही बरण्या उघड्या आणि काही झाकून ठेवून, मांसात अळ्या आपोआप निर्माण होत नाहीत, हे याच पद्धतीने दाखवले होते. मुलांनी काय बदलले, काय सारखे ठेवले आणि काय मोजले, यांना परीक्षकांनी सजावटीहून अधिक गुण द्यावेत. निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध आला, तरीही.

– एक विज्ञान शिक्षिका, सातारा