थ्रीडी शिकवताना आधी नजर तयार करा

महोदय,

थ्रीडी डिझाइनच्या कोणत्याही अभ्यासक्रमाचं वेळापत्रक पाहा. सॉफ्टवेअरला भरपूर तास, पण वस्तू मनात उभी करण्याच्या तालमीला एकही नाही. बारा वर्षं हा विषय शिकवतोय, ही उणीव मला फार सलते.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने संगणकावर कप तयार केला. समोरून पाहिला तर कान कपाला व्यवस्थित चिकटलेला. मॉडेल जरा फिरवलं, तर तोच कान कपाच्या मागे हवेत लटकत होता. कमांड तिला सगळ्या पाठ होत्या. पण पडद्यावर दिसतं ते सपाट चित्र, त्यातली खोली आपण मनात भरायची असते, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. रडवेली होऊन ती म्हणाली, "सर, मला हे जमणारच नाही." हे वाक्य दरवर्षी कानावर येतं आणि दरवर्षी जीव तुटतो, कारण ते खरं नाही.

१९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून, दोन्ही आकृत्या एकाच वस्तूच्या आहेत का, असं लोकांना विचारलं. दोन्हींमधला कोन जितका मोठा, तितकं उत्तर उशिरा आलं. जणू माणूस वस्तू मनातल्या मनात फिरवूनच पाहत होता! ही क्षमता जन्मजात ठरलेली नसते. २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सरावाने ती वाढते आणि टिकते, असं त्यात दिसलं. अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात प्राध्यापिका शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून, वस्तू मनात फिरवण्याच्या चाचणीत मागे पडलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ठोकळे रचायला आणि हाताने रेखाटायला लावलं. मुलं सुधारली.

त्या विद्यार्थिनीला मी साबणाची वडी आणि सुरी दिली. काप घेण्याआधी कापलेल्या जागी कोणता आकार दिसेल, तो कागदावर काढायचा. कोपरा उडवला की त्रिकोण, हे तिला लगेच जमलं. तिरक्या कापात षटकोनही मिळतो, हे मात्र तीनदा चुकल्यावर उमगलं. मग ती आपणहून कपाकडे वळली आणि आधी वरून पाहून कान जागेवर आणला.

माझी कळकळीची विनंती आहे : पहिले दोन आठवडे संगणक बंद ठेवा. मुलांना कागद, पेन्सिल आणि ठोकळे द्या.

– एक थ्रीडी डिझाइन शिक्षक