बाबा, कारखाना लहान करतेय, बंद नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "बरं बरं, तुला योग्य वाटेल ते कर" म्हणत फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगा, बाबांनी एवढं मोबाईलवर वाचायचं नाही, डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय.

वाळपईतून जे कोणी फोन करून सांगतंय की तुमच्या मुलीने धंदा गुंडाळला, त्यांना सांगा काजू अजून भाजतोय. झालंय एवढंच की कळंगुट-बागाच्या दुकानांना माल देणं मी थांबवतेय, आणि बाहेरची बी घेणंही. आपल्या सत्तरी तालुक्यातली बी फेब्रुवारी ते मे जेवढी मिळेल तेवढीच घ्यायची, ती वर्षभर पुरवून फोडायची आणि थेट गिऱ्हाईकाला द्यायची. टर्नओव्हर निम्म्याच्या खाली येईल. हे वाक्य वाचून बाबा चष्मा काढून ठेवणार, तरी पुढचं वाचा.

टर्नओव्हर मोठा होता तेव्हा हातात काय राहायचं ते तुम्हीच आठवा ना. सीझन सुरू झाला की दुकानदार माल उचलणार, पैसे मात्र तीन-तीन महिने नाही, आणि तोवर बँकेच्या सीसीचं, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं, व्याज आपण भरायचं, म्हणजे त्यांचं दुकान आपल्या कर्जावर चालायचं. आपलं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे, कायद्याने 45 दिवसांच्या आत पैसे यायला हवेत, आणि 2024 च्या एप्रिलपासून तर वेळेत दिले नाहीत की देईपर्यंत त्यांना तो खर्च आयकरात धरता येत नाही. सीएने हे सांगितलं तेव्हा मी जाम खूश. एकाला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, मग मी दुसऱ्याकडून घेतो. झालं.

बाहेरच्या बीचं म्हणाल तर बेनिन, आयव्हरी कोस्टची बी बारा महिने मिळते आणि निव्वळ गोव्याच्या पिकावर इथले सगळे कारखाने चालणार नाहीत हेही खरं, मी कुणाला नावं ठेवत नाहीये. पण पाकिटावर माड, समुद्र आणि एवढं मोठं 'गोवा', आणि आतली बी आफ्रिकेची, हे मला पटेना. भाजलं इथे म्हणून ते खोटं नाही, पण घेणाऱ्याला काय वाटतं हे आपल्याला माहीत असतंच की. शिवाय 2023 ला गोव्याच्या काजूला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची अधिकृत ओळख, मिळाला, त्याखाली विकायचं तर बी इथलीच पाहिजे, आणि एकाच युनिटमध्ये दोन्ही चालवून नोंदी वेगळ्या ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. आणि बाबा, आयातीने इथला भाव पडतो म्हणून ओरडणारे कोण आहेत? ज्यांच्या बागेत तुम्ही मार्चमध्ये उर्राक, आपली काजूच्या बोंडांची दारू, प्यायला बसता तेच ना!

हिशोब मी उलटीकडून केला. आधी घरखर्च, तुमची औषधं, बायकांचा पगार आणि बँकेचा हप्ता एवढं लिहून काढलं आणि मग त्याला किती किलो गर विकावा लागेल ते बघितलं. 80 किलोच्या पोत्यातून 20 किलोच्या आसपास गर पडतो हे धरून पोती काढली तर आकडा आवाक्यातला आला. धोका आहे, नाही कसा. मोहराच्या वेळी अवकाळी पाऊस पडला तर त्या वर्षी माल कमी, मग कमीच विकायचा, आफ्रिकेकडे धावायचं नाही असं मी ठरवलंय.

बायका सगळ्या राहतायत. दिवाळीच्या ऑर्डरीसाठी रात्री आठपर्यंत बसवायचो ते बंद, पाचला सुट्टी. काजूच्या टरफलातल्या चिकाने त्यांची बोटं काळी पडून कातडी सुटते, हाताला राख लावून परत बी धरतात, आणि त्या बोटांनी घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. आई, तू हे केलंयस, तुला सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. ग्रेडिंगच्या मावशींना मी भागीदार करतेय. त्या आपल्याशी बोलत असतात आणि हात ट्रेमधून फिरत असतो, 240 नंबरचा मोठा गर इकडे, 320 चा लहान तिकडे, पाकळी वेगळी, नजर टाकायचीही गरज नाही. आपल्या मालाला जे नाव आहे ते त्या हातांचं आहे. पण साधी भागीदारी नको, 1932 च्या कायद्याच्या भागीदारीत फर्मचं कर्ज थेट त्यांच्या घरापर्यंत पोचू शकतं, म्हणून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करायची. त्यात दरवर्षी दोन रिटर्नं जास्तीची आणि सीएची फी वाढेल, ते चालेल. पॅन नवा, जीएसटी नंबर नवा, एफएसएसएआयचं खाद्यपदार्थांचं लायसन्सही नव्या नावाने. पाकिटावर नाव मात्र आईचंच.

बाबांचं भांडवल एलएलपीत भागीदार म्हणून राहील आणि त्यावर 12 टक्के व्याज, आयकरात तेवढंच चालतं. दर महिन्याला खात्यात जमा होईल, नफा होवो न होवो, म्हणजे दादाकडे मागायला नको आणि माझ्याकडेही नको. एक पैसाही वाढवून मागितलात तर मी भांडेन.

बाबा, तुम्हाला हे नको असेल तर आत्ताच सांगा, "तुला योग्य वाटेल ते" हे उत्तर मी धरणार नाही. पटलं तर गणेश चवथीला याल तेव्हा सह्या उरकू. येताना दोघांचं पॅन-आधार आणा, आणि युनिटच्या जागेचा एक-चौदाचा उतारा (तिकडच्या सातबारासारखा) लोखंडी कपाटात असणार, त्याची चावी आई पुण्याला घेऊन गेलीये. कुरियर नको, हातानेच आणा.

तुमची,
बाय