पाझर तलावाचा सांडवा मोकळा ठेवा

महोदय,

१९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमी योजनेतून मराठवाड्यात जे मातीचे पाझर तलाव झाले, त्यांच्याकडे आपण विहिरींना पाणी देणारी कामे म्हणूनच पाहतो. बालाघाटाच्या उतारावरील आमच्या गावांत मात्र ते पुराचा जोरही मोडतात. डोंगरावरून तासाभरात उतरणारे पाणी तलावात पसरते आणि खालच्या ओढ्याला सावकाश मिळते.

तलाव एकदा भरला की सगळी भिस्त सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेवर, असते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत हेच झाले. आमचा तलाव पोळ्यालाच भरलेला होता आणि पुढचा प्रत्येक थेंब सांडव्यातूनच जायचा होता. त्या सांडव्याच्या तोंडाशी, हातभर पाणी जास्त साठावे म्हणून, दगड आणि मातीने भरलेली खताची पोती रचलेली होती. रब्बीची चिंता असलेल्यांनी ती रचली, त्यांना दोष देणे सोपे आहे. पण सांडवा हातभर उंच केला की भरावाची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाची, पाण्याच्या वर उरणारी राखीव उंची तेवढीच कमी होते, आणि पाणी मातीच्या भरावावरून वाहू लागले तर तो काही तासांत कापला जातो, हे त्यांना कोणी कधी समजावलेच नाही. त्या रात्री तरुणांनी कंबरभर पाण्यात उतरून पोती ओढून काढली, म्हणून भराव वाचला.

दुसरा धोका आतून पोखरणारा आहे. भरावावर वेड्या बाभळी माजल्या आहेत, खेकड्यांची व घुशींची बिळे आहेत. बाभूळ वरून छाटून भागत नाही, कारण कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. ती मुळासकट काढून खड्डा थराथराने माती धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट बसवून, भरावा लागतो. भरावाच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ असेल तर नुसती नजर ठेवावी, गढूळ येऊ लागले तर ते आतली माती घेऊन येत आहे असे समजून खालच्या वस्त्या तत्काळ हलवाव्यात, एवढी माहिती तरी प्रत्येक गावात असायला हवी. २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातील तिवरे येथे मातीचे धरण फुटून माणसे वाहून गेली, त्यानंतरही ही माहिती गावोगावी पोहोचलेली नाही.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांनाच लागू आहे. आमचे तलाव त्याच्या बाहेर राहतात. देखभालीसाठी अर्ज केला की एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. जिल्हा परिषद आणि मृद व जलसंधारण विभागाने आपापल्या ताब्यातील तलावांची यादी जबाबदार अभियंत्याच्या नावासह ग्रामपंचायतीत लावावी, मृगापूर्वी प्रत्येक भरावाची व सांडव्याची पाहणी करावी आणि पावसाळ्याचे चार महिने भरावावर रोज फेरी मारण्यासाठी गावातीलच एक माणूस मानधनावर नेमावा, ही विनंती.

– एक शेतकरी, ता. भूम, जि. धाराशिव