व्हायवात पोरांना तोंड उघडू द्या

मा. उच्च शिक्षण मंत्री, कर्नाटक राज्य, यांस

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी बेळगावात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवतो. घर शहापुरात, मूळ गाव खानापूर तालुक्यातलं. पत्र मराठीत लिहितोय, कारण ते आधी इथल्या पालकांनी वाचावं असं वाटतं. सोबत कन्नड प्रत जोडली आहे. ती मीच लिहिलीय, तेव्हा त्यातल्या चुका माझ्या. हे पत्र सीमाप्रश्नावर नाही. तो 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि तिथं वकील आहेत. माझं म्हणणं फक्त तोंडी परीक्षेबद्दल आहे. पोरं तिला व्हायवा म्हणतात.

गेल्या सेमिस्टरला फौंड्री लॅबचा, म्हणजे धातूच्या ओतकामाचा, व्हायवा होता. समोर उद्यमबागेतल्या एका मोल्डरचा, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणाऱ्याचा, मुलगा. दहावीपर्यंत मराठी शाळा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, रायझरचं (साच्यात जादा रसासाठी ठेवलेल्या पोकळीचं) काम काय? मुलगा गप्प. परीक्षक भला माणूस. ‘हेळप्पा, कन्नडदल्ली हेळु,’ म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये सांग. मुलाचं कन्नड बाजारात भाजी घेण्यापुरतं. तो टेबलाकडं बघत राहिला. त्याला दहापैकी तीन मिळाले. शेजारी इंटर्नल, म्हणजे कॉलेजचा परीक्षक म्हणून मीच बसलो होतो आणि ‘बाळ, मराठीत सांग’ असं म्हणायची मला हिंमत झाली नाही. असं म्हणू नये असा नियम माझ्या तरी वाचनात नाही. वहिवाट आहे, एवढंच.

सगळे गेल्यावर तो सामान आवरत होता. सहज म्हणून त्यानं वाळूच्या ढिगातली मूठभर वाळू घेतली, दाबली, मूठ उघडली. बोटांचे ठसे स्वच्छ उठले होते. मग गोळा मधोमध मोडला, कडा ढासळल्या नाहीत. ‘पाणी बरोबर हाय ओ सर,’ म्हणाला. मी विचारलं, रायझर कशाला लागतो रे? ‘धातू थिजताना आक्रसतोय की. मग कमी पडलेला रस रायझरातनं वढून घेतोय. म्हणून रायझर सगळ्यात शेवटी थिजायला पायजे, न्हाई तर माल आतनं पोकळ ऱ्हातंय. बिडाला जरा कमी लागतोय, स्टीलला मोठा.’ पुस्तकात याच गोष्टीवर आख्खा धडा आहे. बीड थिजताना त्यातलं ग्रॅफाइट फुगतं म्हणून रायझर लहान चालतो, हे माझ्या वर्गातल्या निम्म्यांना लिहिता येतं, पण ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. ह्यानं पाहिलं होतं, आणि तीन मार्क घेऊन गेला.

मला हे लागलं, कारण त्याच्या जागी मी स्वतः उभा राहिलो आहे. जर्मन शिष्यवृत्तीवर मी आखेनच्या तंत्र विद्यापीठात, फौंड्री इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं. पीएच.डी. झालेला माणूस, पण शॉपफ्लोअरवर माइस्टरनं, म्हणजे तिथल्या मुख्य कारागिरानं, जर्मनमध्ये विचारलं की या कास्टिंगला छिद्रं का पडली, तर माझी दातखीळ बसली. त्यानं खिशातला खडू काढून हातात दिला. मी तिथंच जमिनीवरच्या लोखंडी पत्र्यावर साचा काढला, वाफ कुठून निघते ते बाणानं दाखवलं आणि बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, ‘वाळू ओली झालीय हो.’ मराठीत! त्यानं वाळू मुठीत दाबून बघितली आणि मान हलवली. त्या दिवसापासून तो मला नावानं हाक मारायला लागला.

त्याआधी इथिओपियात दोन वर्षं शिकवलं. तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ प्राध्यापक तिकडं जात. (2009 च्या ऑक्टोबरात रुजू झालो आणि नेमणूकपत्रावर साल 2002! त्यांचं कॅलेंडर वेगळं, वर्षाला तेरा महिने.) तिथंही कॉलेजात इंग्रजी आणि घरात अम्हारिक नाहीतर ओरोमो. मी विचारलं की वर्ग शांत. आपसात समजावून सांगायला लावलं की हीच पोरं भांडल्यासारखी बोलायची. मग मी उत्तर आपसात ठरवू द्यायचो आणि एकाला फळ्यावर बोलवायचो. माझं शिकवणं खरं तिथं सुधारलं, जर्मनीत नव्हे.

आखेनही आपल्यासारखंच सीमेवरचं गाव. सिटी बसमध्ये बसलं की ती नेदरलँड्समधल्या फाल्सला जाते. मी होतो तेव्हा कोणी थांबवत नसे. कोल्हापूरची गाडी आज सुटणार की नाही हे आधी विचारून घेणाऱ्या आम्हा बेळगावकरांना त्याचं अप्रूप वाटणारच. दुसऱ्या बाजूला बेल्जियममधलं ऑयपेन. हा जर्मन बोलणारा भाग पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमकडं गेला. तिथले जर्मनभाषक जेमतेम 80 हजार. एकट्या बेळगाव शहरात मराठी माणसं याहून जास्त. पण त्यांच्या शाळा जर्मन आहेत, त्यांना स्वतःची विधानसभा आहे, आणि त्यानं बेल्जियमचं काही बिघडलेलं नाही.

पण त्याच देशात लूवेनही आहे. 1968 मध्ये डच आणि फ्रेंच भाषांच्या भांडणात तिथलं जुनं विद्यापीठ फुटलं, सरकार पडलं, फ्रेंचवाल्यांना नवं गाव वसवून जावं लागलं. ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा वाटून घेतली, सम क्रमांक एकाकडं, विषम दुसऱ्याकडं. एका ग्रंथाचे खंड दोन गावांत. घरातल्या वाटण्या बघितलेला माणूस मी, पण हे ऐकून खुर्चीवर बसलो.

आता मागणी. एकच परिपत्रक काढा: सीमाभागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत लॅबच्या व्हायवाला विद्यार्थ्यानं कन्नड, मराठी किंवा उर्दूत उत्तर दिलं तरी पूर्ण मार्क धरावेत. रायझर, रनर, कोअर हे शब्द आहेत तसेच राहू देत, ते भट्टीवरच्या कामगाराचेही आहेत. दोन परीक्षकांतला एक इथलाच असतो, त्याला भाषा समजते. खर्च शून्य.

2021 मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं भारतीय भाषांतून आख्खी पदवी द्यायला परवानगी दिली, त्यात कन्नड आहे, मराठीही. मी एवढं मागत नाही. लेखी पेपर आणि सेमिनार इंग्रजीतच हवेत, नाहीतर पुण्या-बेंगळुरूच्या मुलाखतीत पोरं अडतील. आमच्या मुलांना पहिल्या वर्षी ‘बळके कन्नड’, म्हणजे रोजच्या वापरातलं कन्नड, हा विषय असतो, त्याच्याही मी बाजूचा आहे. त्या मुलाला ते नीट आलं असतं तर तो परीक्षकांशी दोन वाक्यं बोलला असता.

मराठीचे लाड नकोत असं कोणी म्हणालंच, तर अथणी, गोकाक, रामदुर्गच्या कन्नड शाळांतून येणाऱ्या मुलींचे व्हायवाचे मार्क काढून बघा. त्याही तशाच गप्प बसतात. या परिपत्रकाचा फायदा संख्येनं त्यांनाच जास्त होईल.

डिसेंबरात अधिवेशनाला तुम्ही सुवर्ण विधानसौधात याल. तिथून आमची लॅब लांब नाही. दुपारची बॅच दोनला सुरू होते. तो मुलगा आता पुढच्या वर्षात गेलाय, पण निरोप पाठवला तर येईल. त्याला काय विचारायचं ते कन्नडमध्ये विचारा, मी मध्ये बसून सांगेन.

आपला,
बेळगावातला एक प्राध्यापक