रॉकेटच्या संचांसाठी हातभार लावा: वाचनालयाच्या बालविभागाचे आवाहन

सभासद, पालक, माजी विद्यार्थी आणि नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईला, परदेशी गेलेले आपले गावकरी, सर्वांना सप्रेम नमस्कार.

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन तोंडावर आला आणि मुलांच्या पाण्यावर उडणाऱ्या रॉकेटच्या खात्यात आहेत 11,500 रुपये. म्हणून हे पत्र घाईत लिहितो आहे. शुद्धलेखन बाई नंतर बघतीलच.

आधी, हा उपक्रम ज्यांच्या जिवावर उभा राहिला त्यांच्याविषयी. पहिलं रॉकेट आपल्या निवृत्त विज्ञानाच्या सरांनी स्वतःच्या गच्चीवर उडवलं. शीतपेयाची लिटरची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलच्या पंपाची हवा आणि तोंडाला रबरी बूच. बूच सुटलं, बाटली शेजाऱ्यांच्या टाकीवर गेली आणि पाणी सगळं सरांच्या अंगावर. सर भिजलेल्या सदऱ्यानिशी मुलांना सांगत होते, "पाणी खाली गेलं म्हणून ती वर गेली." पुढे प्लंबरभाऊंनी अर्धा इंची पाइपचा लाँचर, म्हणजे रॉकेट सोडायचं साधन, करून दिला, सायकलच्या दुकानातून ट्यूबचा व्हॉल्व आणून त्याला बसवला. मजुरी विचारली तर म्हणाले, "आधी माझ्या पोरीचा नंबर लावा." छत्रीवाल्या मामांनी मोडक्या छत्र्यांचं कापड कापून पॅराशूट शिवली, तीही दुहेरी शिलाईची. दुबईच्या आपल्या माजी विद्यार्थ्याने काटा असलेला पायपंप पाठवला. तेव्हापासून हवा अंदाजाने भरत नाही. काटा साठ पौंडांवर आला की पंप बंद. आणि तासगाव रस्त्याकडचा माळ दर वर्षी मोकळा करून देणारे आबा! एकदा रॉकेट त्यांच्या द्राक्षाच्या मांडवावर पडलं, ऐन काढणीत. आम्ही बोलणी खायच्या तयारीने गेलो, तर रॉकेटबरोबर द्राक्षांची पेटी घेऊन परत आलो. नावं छापू नका अशी या सगळ्यांची ताकीद आहे, नाहीतर पानभर नावं लिहिली असती.

दर वर्षी कोणीतरी विचारतं, खरं बारुदाचं इंजिन का नाही लावत? त्याला स्फोटकांचा कायदा आहे, परवाना लागतो, आणि फटाक्याची दारू काढून नळीत ठासणं हा हात गमावण्याचा धंदा आहे. आपल्याकडे त्याला सक्त मनाई. न्यूटनला पाणीही चालतं. शिवाय 20 नोव्हेंबर 1967 रोजी केरळातल्या थुंब्याहून उडालेलं, आपल्या देशात बनलेलं अवकाश संशोधनाचं पहिलं रॉकेट, आरएच-75, अवघ्या 75 मिलिमीटर व्यासाचं होतं. म्हणजे जवळजवळ आपल्या लिटरच्या बाटलीएवढंच जाड. त्याच थुंब्याला सुरुवातीच्या काळात सुटे भाग सायकलवरून नेत असत आणि तिथेच आपल्या पुण्याच्या डॉ. वसंत गोवारीकरांनी घन इंधनाचं काम केलं. यंदाचा संच म्हणूनच आरएच-75च्या घाटाचा ठरवला आहे.

गेल्या वर्षी मुलं होती साठ आणि रॉकेटं सहा. उडवण्याआधी रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरी बांधून ते डोक्याभोवती फिरवून बघायचं असतं. नाक पुढे राहिलं तर पास. शेपूट पुढे आली तर नाकात आणखी माती. पाचवीतली एक मुलगी चिमूट चिमूट माती भरत चार वेळा फिरवून आली. तिचं रॉकेट सरळ गेलं, पॅराशूटही उघडलं. पण तोवर दिवस कलला आणि तिच्यामागे रांगेत उभी असलेली वीस-बावीस मुलं पंपाला हातही न लावता घरी गेली. त्यातल्या एकाने लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे पंख घरून कापून आणले होते. ते अजून कपाटात आहेत.

म्हणून यंदा दोघांत एक संच हवाच.

थोडं मनातलंही लिहितो. गेल्या वर्षी याच आवाहनाला ग्रुपवर दीडशे अंगठे आले आणि पावत्या फाटल्या नऊ. उड्डाणाचे व्हिडिओ मात्र घरोघरी स्टेटसला झळकले. अंगठ्यांनी बाटलीत हवा भरत नाही. मिरवणुकीच्या आवाजाला वर्गणी कधी कमी पडल्याचं ऐकिवात नाही, असो.

हिशेब: 40 संच (पंखांचं सनबोर्ड, नाक, पॅराशूट, दोरी, वॉशर) प्रत्येकी 650 प्रमाणे 26,000, दोन लाँचर 7,000, दोन पायपंप 4,000, नाश्ता, पाणी, प्रथमोपचार 5,000, एकूण 42,000, कमी पडतात 30,500. 25 जानेवारीपर्यंत द्यावेत, माल एकगठ्ठा घ्यायचा आहे. रोख वाचनालयाच्या खिडकीत सायंकाळी 5 ते 8 (सोमवार बंद), क्यूआर कोड सूचनाफलकावर, पावती मागून घ्यावी. आयकरातली 80जीची सवलत नाही, आधीच सांगतो. पैसे जमत नसतील तर लिटरच्या शीतपेयाच्या बाटल्या द्या. साध्या पाण्याच्या नकोत, त्या दाब सोसत नाहीत. चेपलेल्या, चिरलेल्याही नकोत. रॉकेट सोडायची लाँचरची दोरी दहा मीटरवरून ओढतो, तेवढ्या अंतरावर मुलांना थोपवून धरायला आठ मोठी माणसं हवीत. उड्डाण सकाळी 8 वाजता, वारा सुटायच्या आत.

आपला,
कार्यवाह, बालविभाग

ता. क. रॉकेट कोणाच्या बागेत पडलेलं सापडलं तर तारेवरून ओढू नये, निरोप द्यावा. मागच्या वर्षीचं एक अजून आलेलं नाही.