शेवट आठ वर्षे आधीच ठरला होता

महोदय,

‘हाऊ आय मेट युअर मदर’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या शेवटच्या भागाची पाठराखण करणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. मालिकेत टेड आपल्या मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगतो; शेवटी कळते की आई वारली आहे, आणि मुलांच्याच सांगण्यावरून तो जुनी प्रेयसी रॉबिनकडे परततो. ‘आयुष्य असेच असते’ हा लेखातला मुद्दा पटला नाही. आयुष्य तसे असेलही, पण मालिका तशी रचलेली नव्हती.

मुलांची ही शेवटची प्रतिक्रिया २००६ मध्येच चित्रित करून ठेवली होती; नाहीतर ती मुले पुढे मोठी दिसली असती. मालिका मात्र मार्च २०१४ पर्यंत, २०८ भाग चालली. तोवर पात्रे कुठल्या कुठे गेली होती. (शेवट लांबला की माणसे बदलतात, हे आम्हा सीमाभागातल्यांना कोणी सांगायला नको.) नववा हंगाम जवळजवळ सगळा रॉबिन आणि टेडचा मित्र बार्नी यांच्या लग्नघरात रमला, शेवटच्या भागात त्यांचा घटस्फोट काही मिनिटांत उरकला. आणि जिची नऊ वर्षे वाट पाहिली, त्या आईचे आजारपण? रुग्णालयातली एक झलक, बस्स.

आमच्या घरी परवा यावरून मुलगा आणि भाची रात्री अकरापर्यंत भांडत होते. मधली कुंद्याची वाटी तशीच राहिली. भाची म्हणाली, ‘‘टेडने रॉबिनसाठी चोरलेले ते निळे वाद्य, फ्रेंच हॉर्न, पहिल्याच भागात होते, म्हणजे गोष्ट रॉबिनचीच!’’ बिनतोड वाटते खरे. मग आई जिवंत राहणारा दुसरा शेवट निर्मात्यांनी डीव्हीडीत का दिला?

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव