काकू, गोधडीचा तो गोट उसवायला लावलात म्हणून

प्रिय काकू,

वर येऊन तोंडावर आभार मानले असते, पण तुम्ही लगेच "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत.

गोधड्यांच्या प्रदर्शनाला बारा दिवस उरले होते आणि मी गोधडी मिरवत तुमच्याकडे आले. जांभळी नाक्यावरून आणलेलं सुती कापड, पाच महिन्यांचा धावदोरा. तुम्ही वरची बाजू नीट बघितलीसुद्धा नाहीत. उलटी केलीत, कोपऱ्यात नख घातलंत आणि म्हणालात, "गोट पोकळ आहे गं." गोट, म्हणजे कडेने शिवलेली पट्टी, चिमटीत धरून बघितली तर खरंच, आतलं भरण कडेपर्यंत पोचलंच नव्हतं. मला वाटायचं, परीक्षक रंगसंगती बघतात. ती बघतातच, पण गोट भरीव आहे का, कोपऱ्याची घडी टाक्यांनी बंद केलीय का, मागे गाठी आणि दोरे लोंबतायत का, हेही बघतात.

मग दोरीने कर्ण मोजलेत. ६० बाय ८० इंचाला दोन्ही कर्ण १०० यायला हवेत. एक आला ९९, दुसरा १०१. राग आला होता मला तुमचा, आता सांगते.

सगळा गोट उसवला. गोधडी गार पाण्यात भिजवून तुमच्या हॉलमध्ये पसरली, कर्ण जुळेपर्यंत ओढली आणि कडेने वरवंटा, तांदळाचा डबा, काकांचे जाडजूड ग्रंथ ठेवले. ठाण्यातला जुलै! दोन दिवस पंखा चालू, आणि काका भिंतीला धरून बाथरूमला जात होते. वाळल्यावर तिन्ही थर एका रेषेत कापले, अडीच इंची पट्टी दुमडून नवा गोट लावला, टांगायला मागे चार इंची नेफा. नक्षी काढायला वापरलेल्या, धुतल्यावर जाणाऱ्या पेनच्या निळ्या खुणा पाण्यात गेल्या. फक्त नक्षीतल्या एका पानावर मी आधीच इस्त्री फिरवून खुणा पक्क्या केल्या होत्या, ते निळसर राहिलं ते राहिलंच.

बक्षीस नाही मिळालं. पण परीक्षकबाईंनी हातमोजा घालून गोट चिमटीत धरला, तीन कोपऱ्यांवर बोट फिरवलं आणि पुढे गेल्या. चौथ्यावर थांबल्या. तो मी रात्री दोनला, तुम्हाला न दाखवता शिवला होता.

रविवारी घरी आहात ना? तुमचं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तानही माझ्याकडेच आहे. तो कोपरा उसवूनच आणते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची